डुक्कर फियाट 1100: प्रकल्प नोंदी

14 जानेवारी 2024

गाडी आज आली. गडहिंग्लजकडच्या एका डॉक्टरांची, त्यांच्या मुलांकडून घेतली. 1962 ची फियाट 1100, म्हणजे आपल्याकडची डुक्कर फियाट. पुढून बघितली की नावाचं कारण कुणाला विचारावं लागत नाही. पुढची दारं उलटी उघडतात, बिजागऱ्या मधल्या खांबाला. गियरचा दांडा स्टिअरिंगखाली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1954 पासून ही 1100 बाहेर पडायची. 1964 ला 1100 डी आली, तोंडावळा बदलला, आणि त्याच डीची पुढे पद्मिनी झाली.

स्थिती: इंजिन जाम नाही, पंख्याला धरून फिरतं. रेडिएटर गळका. ब्रेक नावालाही नाहीत. डाव्या बाजूचा पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबला तर आत जातो. काचा सगळ्या मूळच्या, त्रिकोणीसुद्धा. हे बघून निम्मा सौदा तिथेच झाला होता.

कागद: मूळ आरसी बुक, घड्यांवर फाटलेलं पण वाचता येणारं, चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही शाईत. ऑनलाइन नोंद नाही. एवढ्या जुन्या गाड्या ‘वाहन’ प्रणालीत आपोआप येत नाहीत, आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. पहिला अर्ज तोच. लोकांना इंजिन सुरू करायची घाई असते. माझा नियम उलटा आहे: गाडी नावावर चढेपर्यंत तिच्यावर रुपया घालायचा नाही.

ठेवली आहे मित्राच्या बंद पडलेल्या लाकूड वखारीत, फुलेवाडीकडे. वर पत्रा, भोवती कंपाउंड, फाटकाला साखळी.

11 फेब्रुवारी 2024

नावावर झाली. फाईल उघडली.

ट्रकला, जीपला चासी वेगळी आणि बॉडी वर बसवलेली असते. फियाट 1100 ला तसं नाही. 1953 ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी आली तीच एकसंध बॉडीची: फ्लोअर, खांब, टप मिळूनच सांगाडा. त्यामुळे आरसीवरचा ‘चासी नंबर’ इथे इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या उभ्या पत्र्यावर, बल्कहेडवर, ठोकलेला असतो. तो पत्रा गंजला आणि कुणी कापून नवा बसवला, की कागदावरची गाडी वेगळी आणि समोरची वेगळी. असे ‘रिस्टोअर’ केलेले बेवारस सांगाडे मी पाहिले आहेत. रंग आरशासारखा, ओळख शून्य.

नंबर रॉकेलच्या चिंधीने पुसला, वर पातळ कागद चिकटवला, पेन्सिल आडवी धरून घासली. आरटीओत इन्स्पेक्शनला घेतात तसाच छाप. आकडे हाताने ठोकलेले दिसतात, एका ओळीत नाहीत. 7 डावीकडे कललेला. 3 दोनदा ठोकल्यासारखा, त्याच्या पोटात दुसरी पुसट रेघ. छापाच्या दोन प्रती घेतल्या. एक फाईलला, एक घरी कपाटात. इंजिन नंबरचाही तसाच छाप.

बाकी फोटो: प्रत्येक दाराची आतली बाजू, डिकीचा तळ, डॅशबोर्डमागची वायर, काचांच्या कोपऱ्यातले शिक्के. मिस्त्री म्हणाले, “लग्नाचा आल्बम करायलाय काय?”

9 एप्रिल 2024, पाडवा

फ्लोअरचं काम सुरू. कुजलेला भाग कापला, 20 गेजचा पत्रा आणून ठोकून-वाकवून बसवतो आहोत. डाव्या बाजूचं झालं.

उजव्या बाजूला खाली झोपून दिवा मारला तर मजा सापडली. कधीतरी कुणीतरी पत्र्याऐवजी चक्क एका बोर्डाचा तुकडा कापून फ्लोअरला पितळेच्या ब्रेझिंगने लावला आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं, अजून स्वच्छ वाचता येतात: ‘कारी दूध उत्पा’. डॉक्टरांच्या गावची दूध संस्था असणार. बोर्ड बदलला असेल, जुना पत्रा वाया कशाला घालवायचा म्हणून गाडीला लागला असेल.

मिस्त्री: “काढून टाकूया की हे. नवा पत्रा मारला की झ्याक दिसंल.”

नाही काढला. ब्रेझिंग पक्कं आहे, पत्रा जाड आहे, गंज नाही. कारखान्यातून आली तशीच गाडी हवी असा एक पंथ आहे, त्यांना हा तुकडा दिसला तर झोप लागणार नाही. मला साठ वर्षांत गाडीवर काय काय झालं तेही हवंय. वरून गंजरोधक आणि खालून फक्त पारदर्शक लॅकर. शेजारी पट्टी ठेवून फोटो घेतला, फाईलला लावला.

16 जून 2024

पुढच्या सस्पेन्शनचे विशबोन, किंगपिन, बुश झाले. मागचे पाटे उघडून ग्रीस करून परत. चारही चाकं सरळ फिरतात. जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

26 ऑगस्ट 2024

इंजिन उतरवून उद्यमनगरात आप्पांच्या लेथवर दिलं. 1089 सीसी, बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. तीन बेअरिंगांचा क्रँक. हेड ॲल्युमिनियमचं, पाण्याच्या वाटांभोवती खाल्लेलं. पूर्वी कुणीतरी तिथे शिसं भरलंय. आप्पांनी बघितलं, काही बोलले नाहीत, चष्मा काढून ठेवला. हे त्यांच्याकडचं नापसंतीचं मोठ्यात मोठं लक्षण.

हेड भरून फेसिंग, व्हॉल्व्ह सीट, बोअर, क्रँक ग्राइंडिंग. गणपतीनंतर देतो म्हणाले. गाडी वखारीत चाकांवर उभी, नाक वर करून, कारण पुढचं वजनच गेलंय.

18 सप्टेंबर 2024

गाडी चोरीला गेली.

काल अनंत चतुर्दशी. सकाळी वखारीच्या मालकाचा फोन, “फाटकाची साखळी तुटलीय, येऊन जा.” आत फक्त तेलाचा डाग, चार ठोकळे आणि मातीत चाकांचे पट्टे. ठोकळे भिंतीला नीट रचून ठेवलेले. चोरानं आवरून जावं याचा राग का यावा कळत नाही, पण आला. हत्यारांच्या पेटीला हात नाही. मागची सीट वेगळी काढून ठेवली होती ती तशीच. म्हणजे त्यांना गाडीच हवी होती, किंवा गाडीचं वजन.

समोरच्या बेकरीच्या कॅमेऱ्यात पहाटे पावणेतीनला ट्रॅक्टर आणि ट्रॉली. ट्रॉलीवर निळी ताडपत्री, वरून झेंडूच्या माळा. सोबत चारपाच पोरं, एकजण चक्क नाचतोय. मिरवणुकीच्या रात्री कोल्हापुरात असली ट्रॉली कोण अडवणार? अख्खं पोलीस दल महाद्वार रोडच्या बंदोबस्ताला, आणि इराणी खणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशा ट्रॉल्यांची रांग. डोकं चालवलंय हे मान्य करावं लागतं.

ट्रॅक्टरचा नंबर दिसत नाही. हेडलाइटला मात्र एकच डोळा.

19 सप्टेंबर 2024

फिर्याद. ठाण्यात पहिलाच प्रश्न: “इंजिन नाही म्हणता, मग गाडी कशी म्हणायची? जुनं भंगार म्हणून घेऊ?”

इथे हटून बसलो. भंगार लिहिलं की तो लोखंडाचा ढीग. किलोत मोजला जातो आणि कुठल्याच यादीत शोधता येत नाही. वाहन लिहिलं की नोंदणी क्रमांक, चासी नंबर आणि इंजिन नंबर चोरीच्या वाहनांच्या देशभराच्या यादीत जातात. आरसी बुक पुढे ठेवलं, इंजिन लेथवर असल्याची आप्पांच्या सहीची पावती ठेवली. शेवटी लिहिलं गेलं ते असं: ‘जुनी वापरती फियाट कार, इंजिन दुरुस्तीकरिता काढून ठेवलेली, कोणीतरी अज्ञात चोरट्याने स्वतःच्या फायद्याकरिता लबाडीच्या इराद्याने चोरून नेली.’ किंमत दोन लाख. कमी लिहा म्हणत होते. खर्चाच्या पावत्या दाखवल्यावर राहिली.

नवे कायदे 1 जुलैपासून लागू झालेत. कागदावर भारतीय न्याय संहितेचं कलम 303(2) पडलं, हवालदारसाहेबांच्या तोंडात मात्र अजून 379 च. माणूस चांगला आहे. पेन्सिलचा छाप दोनदा उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, “हे तुम्ही आधीच काढून ठेवलंत?”

विमा फक्त थर्ड पार्टीचा. त्यात चोरी येत नाही. हा विषय इथेच संपला.

24 सप्टेंबर 2024

भंगाराची दुकानं फिरतोय. भीती एकच. कोल्हापूर हे फाउंड्रीचं गाव. शिरोली, गोकुळ शिरगावात भट्ट्या रात्रंदिवस चालतात. पातळ पत्रा दाबून त्याच्या गठड्या होतात आणि भट्टीत गेल्यावर डुक्कर फियाट कुठली आणि तेलाचा डबा कुठला?

कायद्याने गाडी अशी मोडता येत नाही. मोडीत काढायची तर नोंदणी रद्द करून घ्यावी लागते, आणि 2021 च्या नियमांनुसार ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्यायची. त्या केंद्राने गाडी चोरीच्या यादीत आहे का ते बघायचं. रस्त्याकडेच्या दुकानात हे कोण करतंय! एका ठिकाणी मारुतीचे टप एकावर एक रचलेले होते, कागद एकाचाही नाही. दुकानदार निवांत चहा पीत म्हणाला, “फियाट? ती मोडत नाहीत आता. ती विकत्यात.”

हे वाक्य लिहून ठेवतोय. पहिल्यांदाच बरं वाटलं. मोडीत गेली नसेल तर कुठेतरी उभी असेल, आणि उभी असेल तर दिसेल. डुक्कर फियाट लपवणं सोपं नाही, पोरंसुद्धा वळून बघतात.

12 ऑक्टोबर 2024, दसरा

इंजिन तयार होऊन आलं. आप्पांनी हेड असं केलंय की हात फिरवत राहावंसं वाटतं. गाडी नाही, म्हणून इंजिन लोखंडी स्टँडवर, हत्यारांच्या शेजारी. त्यालाच झेंडू आणि आपट्याची पानं. आप्पा स्वतः आले होते. पैशांचा विषय काढला तर म्हणाले, “गाडीत बसवू तेव्हा दे.”

17 नोव्हेंबर 2024

ठाण्यातून निरोप: धागा नाही, ‘अ समरी’साठी पाठवावं लागेल असं दिसतंय. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. ब म्हणजे तक्रारच खोटी. लोक अ समरीला घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, माल सापडला तर तपास पुन्हा उघडतो. विमावाल्यांना तर चोरीच्या दाव्यासाठी तोच कागद लागतो. तरीही थोडं थांबा अशी विनंती करून आलो.

रात्री वाचत बसतो. जगात या धंद्यातल्या भारी भारी कथा आहेत. लॉस एंजेलिसमध्ये 1974 ला चोरीला गेलेली फेरारी डिनो 1978 ला एका घराच्या परसात पुरलेली सापडली, तिच्या फटींमध्ये टॉवेल कोंबलेले. ही गोष्ट सगळ्यांना सांगायला आवडते. मला जास्त कामाची वाटली ती अमेरिकेतल्या मिलवॉकीची टॅल्बो-लागो. 1938 ची टी150सी एसएस, थेंबासारख्या बॉडीची. मालकाने ती उघडून ठेवलेली, माझ्यासारखीच अर्ध्या कामात. मार्च 2001 मध्ये चोरांनी सुट्या भागांसकट नेली, आणि कागदही नेले. मालक गेले, गाडी नाही मिळाली. पुढे युरोपात विकली गेलेली तीच गाडी 2016 ला नव्या खरेदीदाराने इलिनॉयमध्ये नोंदवायला काढली आणि नंबर टाकल्याबरोबर चोरीची जुनी नोंद वर आली. वारसांच्या बाजूने 2020 मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दावा मुदतबाह्य नाही, खरेदीदाराने गाडी द्यायला नकार दिला तिथून मुदत मोजायची.

एवढ्या वर्षांनी ती गाडी बोलली, कारण नंबर यादीत होता. इकडे ‘जुनं भंगार’ लिहू दिलं असतं तर यादीत काय असतं?

8 डिसेंबर 2024

साताऱ्याच्या मित्राचा दुपारी फोटो आला. कराडच्या अलीकडे महामार्गालगतचा ढाबा, दारात चौथऱ्यावर काळी-पिवळी टॅक्सी, टपावर ‘सेल्फी पॉइंट’. खाली ओळ: “ही पद्मिनी नाही ना रे?”

पद्मिनी नाहीच. ढाबेवाल्याचं गणित बरोबर आहे: मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 ला संपली, तेव्हापासून काळ्या-पिवळ्या रंगाला भलताच भाव आलाय. पण रंग टॅक्सीचा दिला म्हणून डुक्कर फियाटची पद्मिनी होत नाही. दार उघडं टाकलेलं आणि उलटं उघडलेलं. त्रिकोणी काचेच्या कोपऱ्यातला शिक्का मोठा करून बघितला. फाईलमधल्या फोटोशी जुळला.

तरी कुणाला काही बोललो नाही. तिथे जाऊन भांडणंही नाही. गाडी रातोरात हलली की संपलं. थेट हवालदारसाहेबांना फोन केला.

10 डिसेंबर 2024

पंचनामा.

ढाबेवाला आधी हसला, मग चिडला, मग बसला. त्याच्याकडे एका भंगारवाल्याची पावती: ‘जुनी बॉडी 1 नग’. पैसे मोजलेत, रंगाला मोजलेत, चौथरा बांधलाय, त्याचं म्हणणं खरंच होतं. माणूस लबाड वाटला नाही. पण माल विक्रीच्या 1930 च्या कायद्याचं साधं तत्त्व आहे, विकणाऱ्याकडे जी मालकी नाही ती तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. त्याची भांडायची जागा भंगारवाल्याकडे आहे, माझ्याकडे नाही. हे त्याला फौजदारांनी जरा वेगळ्या भाषेत सांगितलं.

बॉनेट उघडलं. इंजिनाच्या जागी कुंड्या, त्यात मोगरा. बल्कहेडवरची नंबर प्लेट गायब आणि ठोकलेल्या नंबराच्या जागी ग्राइंडरची आडवी चमक, वर काळा रंग ओतलेला. पंच एकमेकांकडे बघायला लागले. ढाबेवाल्याला धीर आला: “नंबर कुठाय? कशावरून ह्यांची?”

मी म्हणालो, खालून बघा. ड्रायव्हरच्या पायाखाली.

हवालदारसाहेबांनी पोतं मागवलं, टोपी काढून पंचाच्या हातात दिली आणि गाडीखाली शिरले. टॉर्च मारला. खाली गप्प. मग आवाज आला, एकेक अक्षर लावत: “का…री… दूध… उ…त्पा. साहेब, पुढचं कापलंय.”

फाईलमधला एप्रिलचा फोटो पट्टीसकट फौजदारांच्या हातात होता. दुसऱ्या पंचालाही खाली घातलं, त्यानेही वाचलं. पंचनाम्यात ते अक्षर न अक्षर आलं. पंच गावचा दूध घालणारा होता. बाहेर येऊन अंग झाडत म्हणाला, “संस्थेचा बोर्ड असा कोण कापतंय!” चोरीपेक्षा त्याला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गाडी जप्त. क्रेनने उचलून ठाण्याच्या आवारात. एकडोळ्या ट्रॅक्टरचा मालक आणि भंगारवाला दोघेही आठवड्याच्या आत उचलले. ढाबेवाला साक्षीदार झाला. चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना माल घेतला तरच तो गुन्हा. याला माहीत होतं असं कुणी म्हणालं नाही. मलाही तसं वाटत नाही.

22 जानेवारी 2025

फॉरेन्सिकवाले आले होते. परवानगी घेऊन बाजूला उभा राहिलो, आणि हे बघायला मिळालं म्हणून त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल.

नंबर ठोकताना ठशाखालचा लोखंडाचा थर दबतो. ग्राइंडरने वरचा आकडा जातो, पण दबलेला थर आकड्याहून खोल असतो. पॉलिश पेपरने जागा काचेसारखी गुळगुळीत केली, मग कॉपर क्लोराइड आणि आम्लाच्या द्रावणात बुडवलेला बोळा फिरवायला सुरुवात. दबलेलं लोखंड आजूबाजूच्या लोखंडापेक्षा वेगळ्या वेगाने खाल्लं जातं. बराच वेळ नुसता करडा पत्रा. मग एक तिरकी रेघ. मग मान डावीकडे कललेला 7. मग 3, पोटातल्या दुसऱ्या रेघेसकट. आकडे थोडा वेळ दिसतात, पुन्हा पुसट होतात. त्या मधल्या वेळात फोटो घ्यायचा. दोन आकडे पूर्ण नाही आले, ग्राइंडर तिथे फार खोल गेलाय. बाकीचे आले. पेन्सिलचा छाप शेजारी ठेवला. ते काही बोलले नाहीत, अहवालात लिहितात. पण मिस्त्रींनी मागून माझ्या पाठीत गुद्दा घातला.

14 फेब्रुवारी 2025

गाडी उघड्यावर. ठाण्याच्या आवारात जप्तीच्या दुचाक्यांचा डोंगर, त्याला टेकून आमची टॅक्सी. रात्री दव, दिवसा ऊन, आणि कुणीतरी मागचा दिवा काढून नेलाय. चोराकडे सुखरूप होती असं म्हणायची वेळ आली.

मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज वकिलांनी घातला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 खाली. पूर्वीचं 451. नव्या कायद्यात एक चांगली भर आहे: न्यायालयाने 14 दिवसांत मालाचं वर्णन तयार करायचं, फोटो-व्हिडिओ काढायचे आणि पुढच्या 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. खरं तर सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात 2002 सालीच सांगितलंय की गाड्या ठाण्यात कुजवू नका, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि देऊन टाका. तेवीस वर्षं झाली. कुठल्याही ठाण्याचं आवार बघा.

ढाबेवाल्यानेही अर्ज टाकलाय. सरकारी पक्षाचं म्हणणं आमच्या बाजूने.

6 मार्च 2025

आदेश झाला. गाडी माझ्या ताब्यात. ढाबेवाल्याचा अर्ज फेटाळला. निर्णायक ठरलं ते तीन गोष्टींचं एकत्र येणं: आरसीवरचा इंजिन नंबर आणि माझ्या स्टँडवरचं इंजिन, फॉरेन्सिकचे आकडे आणि छाप, आणि दूध संस्थेचा तुकडा. न्यायाधीशांनी फोटो बघून विचारलं म्हणे, “हा बोर्ड कुठल्या संस्थेचा, ते शोधलं का?” शोधलं नाही कुणी.

अटी: दोन लाखांचं बंधपत्र, सांगाल तेव्हा हजर करायची, विकायची नाही, आणि खटला संपेपर्यंत रंग व स्वरूपात बदल करायचा नाही.

शेवटची अट वकिलांनी वाचून दाखवली तेव्हा मिस्त्री हसू लागले ते थांबेनात. म्हणजे गाडी मिळाली, पण टॅक्सीच राहणार.

30 मार्च 2025, पाडवा

घरी. आता वखारीत नाही, आमच्याच बोळात, खिडकीखाली.

नुकसानाची यादी: मागचा एक दिवा, डॅशबोर्डचं घड्याळ, दोन चाकटोप्या नाहीत. गिअरबॉक्स आहे, पण ट्रॉलीवर ओढताना दांड्याची जोडणी वाकली. काळा-पिवळा रंग भिंतीचा ऑइलपेंट आहे, ब्रशने मारलेला, रबरांवरसुद्धा. डाव्या दाराच्या खाली चौथऱ्याच्या सिमेंटचा थर. उजव्या फ्लोअरचा लॅकर शाबूत.

बल्कहेड सर्वांत नाजूक. ग्राइंडरने पत्रा पातळ झालाय. नवा पत्रा बसवणं सोपं, आणि तेच करायचं नाही. खटला संपला की फॉरेन्सिकचा अहवाल जोडून आरटीओकडे नंबर पुन्हा ठोकायची परवानगी मागायची, त्याच जागी. 2021 च्या व्हिंटेज नियमांत 50 वर्षांवरच्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, पण बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. तोवर त्या जागेवर ग्रीसचा हात आणि वर प्लास्टिक.

11 मे 2025

न्यायालयाची दुरुस्तीला परवानगी आली: इंजिन, ब्रेक, गंज थांबवणं चालेल, रंग आणि बल्कहेड नाही. त्यावर फोटो काढून दाखल करायचे. फोटो काढायला मला कुणी सांगायला लागत नाही.

इंजिन बसवलं. आप्पा, मिस्त्री, चेनब्लॉक आणि शेजारचे सगळे. माउंटिंगचं एक भोक जुळेना, अर्धा दिवस त्यात गेला. वाकलेल्या दांड्याची नवी पिन आप्पांनी तिथेच मोजून लेथवर करून आणली.

संध्याकाळी सुरू झालं. आधी सोलेक्स कार्बोरेटरमधून खोकला, मग टायमिंग थोडं पुढे घेतल्यावर सलग. तेलाचा दाब चांगला. हेडच्या सांध्याला कुठे ओल नाही. बोळाच्या तोंडाशी पोरांनी हात केला: “टॅक्सी, रंकाळा येणार काय?” आप्पांना त्यांचे पैसे दिले.

15 जून 2025

पाऊस सुरू. ऑइलपेंटला आताच पोपडे धरायला लागलेत, खालून मूळचा करडा रंग डोकावतोय. बदलता येत नाही, पण आपोआप गळाला तर अट मोडते का, ते वकिलांना विचारलंय. ते म्हणाले, फोटो काढून ठेवा.

साक्षीचं समन्स 21 जुलैचं. त्याआधी: मागच्या ब्रेकचे शू, गळका रेडिएटर कोअर बदलून आणणे, चार्जिंगचा कटआउट तपासणे (डायनामो चार्ज कमी देतोय), डिकीचं रबर. चाकटोप्यांसाठी जुन्या बाजारात सांगून ठेवलंय. माझ्याच परत विकायला आल्या तर ओळखीन, एकीवर आतून खिळ्याने कोरलेलं ‘डॉ.’ आहे, फोटो फाईलला आहे.